हात लावला नाही, तरी जन्मठेप? वाचकांचे प्रश्न आणि वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकात जामिनाबद्दल लिहिलं, तर पत्रं आली ती भलत्याच विषयावर. सात-आठ जणांनी मिळून मारहाण केली, त्यात एकाचा जीव गेला, सगळ्यांना शिक्षा झाली (किंवा सगळे सुटले), आता अपिलात काय होणार, असं विचारणारी इतकी पत्रं आलीत की या वेळी दुसरं काही घेतच नाही. नावं-गावं सगळ्यांचीच काढून टाकलीयेत. आणि एक सांगून ठेवते, इथे मी केसचा निकाल देऊ शकत नाही, तुमच्या वकिलांसमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं मात्र सांगू शकते.

प्रश्न : बांधावरून आमचं शेजारच्या शेतकऱ्याशी जुनं भांडण होतं. त्या दिवशी काका, चुलतभाऊ धरून आमच्याकडचे सातजण त्यांच्या शेतात गेले, त्यात माझा २२ वर्षांचा धाकटा भाऊ पण होता. काठ्या होत्या, एकाकडे कुऱ्हाड होती. मारहाण झाली आणि समोरचे गृहस्थ तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले. माझ्या भावानं कुणाला हात पण लावला नाही. वारलेल्या माणसाच्या बायकोनं पण कोर्टात सांगितलं की तो मागे काठी घेऊन उभा होता. तरी सेशन कोर्टानं सातही जणांना सरसकट जन्मठेप दिली, कलम ३०२ (खून) आणि १४९. हा कुठला न्याय?

उत्तर : दादा, तुमची चिडचिड समजतेय, पण तुमचंच पत्र परत वाचा. ‘हात पण लावला नाही’ असं लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात ‘काठी घेऊन उभा होता’. पहिलं वाक्य घरच्यांना महत्त्वाचं वाटतं, अपिलात सगळी लढाई दुसऱ्यावर होणार आहे. कारण अनेकांनी मिळून केलेल्या गुन्ह्याला जी दोन कलमं लावतात, म्हणजे ३४ आणि १४९, त्यांच्यात ‘वार कुणी केला’ हा प्रश्नच शेवटचा नसतो. (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागते, तिथे ३४ च्या जागी ३(५) आणि १४९ च्या जागी १९० आलंय. तुमची घटना आधीची आहे म्हणून जुनेच नंबर वापरते.)

आधी १४९. पाच किंवा जास्त माणसं जमली, त्यांचा कॉमन ऑब्जेक्ट म्हणजे समान उद्देश बेकायदेशीर असला, की तो झाला बेकायदेशीर जमाव. मग त्या उद्देशासाठी जमावातल्या कुणी एकानं गुन्हा केला तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येकजण त्याच गुन्ह्याचा दोषी. हा झाला कलमाचा अर्धा भाग. लोक विसरतात तो दुसरा अर्धा, की उद्देश खुनाचा नसला तरी चालतं, ‘असं काही होऊ शकतं’ हे जमावातल्या लोकांना माहीत असलं तरी तेवढं पुरतं.

तुमच्या केससारखीच एक जुनी केस आहे, मिझाजी विरुद्ध उत्तर प्रदेश, सुप्रीम कोर्ट, १९५९. जमिनीचा जबरदस्तीनं ताबा घ्यायला पाचजण गेले, कुणाकडे लाठ्या, एकाकडे भाला, आणि एकानं धोतराच्या घडीत पिस्तूल खोचलेलं. समोरच्यांनी अडवलं, पिस्तूलवाल्यानं गोळी झाडली, माणूस मेला. लाठीवाले म्हणाले, आम्ही ताबा घ्यायला गेलो होतो, खून करायला नाही. कोर्ट म्हणालं, ज्या तयारीनं गेलात त्यावरून विरोध झाला तर जीव जाऊ शकतो हे तुम्हाला कळत होतं, आणि सगळ्यांची शिक्षा कायम केली. म्हणून तुमच्या वकिलांना पहिला प्रश्न हा विचारा की कुऱ्हाड निघतानाच सगळ्यांना दिसत होती का, की ती शेतातच पडलेली होती आणि भांडणाच्या भरात कुणीतरी उचलली? साक्षीत याबद्दल कोण काय बोललंय? एवढ्या एका मुद्द्यावर तुमच्या भावाची केस या टोकाची त्या टोकाला जाऊ शकते.

आता ३४. इथे पाचाची अट नाही, दोघं असले तरी चालतं, पण कॉमन इंटेन्शन लागतं, समान इरादा, आणि त्या गुन्ह्यात काही ना काही सहभाग लागतो. यावर आमच्या पेशात तीन निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशेला बोट दाखवतात.

पहिला बारेंद्र कुमार घोष. ऑगस्ट १९२३ मध्ये कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात पोस्टमास्तर पैसे मोजत बसलेले, काहीजण दारात आले, पैसे मागितले, लगेच गोळ्या झाडल्या, पोस्टमास्तर जागीच गेले. पकडला गेलेला आरोपी म्हणाला, मी तर बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलेलो होतो. प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं लंडनमधलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) ते खरं धरलं तरी सुटका होत नाही असं सांगितलं, अशा कामात नुसता उभा राहून वाट बघणारासुद्धा कामच करत असतो या अर्थाचं वाक्य त्या निकालात आहे आणि गेली शंभर वर्षं सरकारी वकील ते वाचून दाखवतायत.

दुसरा महबूब शाह, १९४५, तोही प्रिव्ही कौन्सिलचाच. सिंधू नदीच्या काठी बोरू कापण्यावरून भांडण, एकाला मार बसला, त्यानं हाक मारली म्हणून दोन नातेवाईक बंदुका घेऊन धावत आले. एकाच्या गोळीनं माणूस मेला, महबूब शाहची गोळी दुसऱ्याला लागून तो जखमी झाला. महबूब शाहला फाशी झाली होती. ती रद्द झाली, कारण काय, तर दोघांचा इरादा ‘सारखा’ असणं वेगळं आणि ‘एकच, ठरवलेला’ असणं वेगळं. दोघंही आपल्या माणसाला सोडवायला आले, मारून टाकायचं असं आधी ठरलं होतं याला पुरावा नव्हता.

तिसरा पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य, १९५५, सुप्रीम कोर्ट. पाचजणांनी एकाला मारलं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की पाच माणसं एकाच वेळी तुटून पडली म्हणजे आपोआप समान इरादा होत नाही, प्रत्येकजण आपापला राग घेऊन धावलेला असू शकतो. पांडुरंगच्या स्वतःच्या वारानं जीव गेला नव्हता, त्याची ३०२ ची शिक्षा काढून ३२६ खाली (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) १० वर्षं केली. आता लगेच उड्या मारू नका, त्याच निकालात हेही आहे की इरादा जागच्या जागी, क्षणात पण जुळू शकतो, फक्त तो जुळला हे पुराव्यातून दिसायला हवं.

तुमच्या भावाचं काय? तो रस्त्यानं चालला होता आणि गलका ऐकून थांबला, अशी केस असती तर मी म्हटलं असतं की बऱ्यापैकी आशा आहे, कारण गावातलं भांडण बघायला शंभर लोक जमतात आणि बघे म्हणजे आरोपी नव्हेत, हे सुप्रीम कोर्टानं १९५६ पासून सांगितलेलं आहे. पुढे १९६४ ला मसालती केसमध्ये ‘हात उचलल्याचा पुरावा प्रत्येकाविरुद्ध हवाच’ हा अर्थ कोर्टानं खोडून काढला, पण त्याबरोबर एक व्यवहारी कसोटी पण दिली, जमाव मोठा असला आणि साक्षीदार पण खूप असले की निदान दोन-तीन साक्षीदारांनी ज्याच्याबद्दल सुसंगत सांगितलंय त्यालाच दोषी धरावं. तुमचा भाऊ मात्र घरातून सगळ्यांबरोबर निघाला, हातात काठी होती, मारहाण चालू असताना थांबला, नंतर सगळ्यांबरोबरच पळाला का? हे तुम्ही लिहिलेलं नाहीये. त्यानं कुणाला आवरायचा प्रयत्न केला का, निघून जायचा केला का, जखमीला गाडीत घालायला मदत केली का, हेही नाही लिहिलं. उलटतपासणीत यातलं काही आलं असेल तर ते सोन्यासारखं आहे. आणि आलं नसेल तर, सांगायला वाईट वाटतं, हायकोर्टात नव्यानं उगवणार नाही. अपील म्हणजे खटला परत पहिल्यापासून चालवणं नाही, खालच्या कोर्टात जे कागदावर आलं तेच वरचे दोन न्यायमूर्ती परत वाचतात.

मुदत विसरू नका. सेशन कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला ६० दिवस, सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. पश्चिम महाराष्ट्र आणि दक्षिण कोकणातल्या काही जिल्ह्यांची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा मुंबईच्या खेपा घालण्याआधी ते बघून घ्या.

प्रश्न : आमच्या केसला आठ आरोपी होते. कोर्टानं पाचजणांना सोडलं, तिघांना १४९ लावून जन्मठेप दिली. तिघांचा जमाव कसा होईल? कॉलेजात शिकणारी माझी पुतणी म्हणते हे चुकीचं आहे.

उत्तर : पुतणीला माझ्या ऑफिसात पाठवा! तिनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, पण उत्तर ‘अवलंबून आहे’ असंच आहे. आरोपपत्रात आठच माणसं आहेत, ‘इतर अनोळखी’ असं काहीच नाही, आणि त्यातले पाच सुटले तर उरले तीन, मग १४९ उभंच राहत नाही. पण पुराव्यात असं आलेलं असेल की हल्ल्यात दहा-बारा जण होते, त्यातले काही ओळखता आले नाहीत, आणि सुटलेले पाचजण ओळख पटली नाही म्हणून सुटलेत, तर तिघांनाही १४९ लागू शकतं. सुप्रीम कोर्टानं १९६२-६३ च्या सुमाराला मोहन सिंग केसमध्ये हे नीट समजावून सांगितलंय. म्हणून निकालाचा शेवट वाचू नका, पाचजण का सुटले ते परिच्छेद काढून वाचा. ‘सहभाग सिद्ध नाही’ की ‘जागेवर माणसं होती पण हीच होती हे सिद्ध नाही’, फरक दिसायला बारीक आहे पण सगळं त्यात आहे.

दुसरी वाट सरकारी वकील पकडतील, १४९ पडलं तर ३४ लावा. हे चालतं, चार्ज १४९ चा असला तरी, पण पुराव्यात समान इरादा दिसला पाहिजे आणि आरोपींचं बचावात नुकसान झालेलं नको. इथे आपल्याच राज्यातली एक केस उपयोगी आहे, कृष्णा गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र, १९६३. चौघांवर ३४ खाली खुनाचा खटला, आणि शेवटी हायकोर्टानं एकालाच धरलं, बाकीचे तिघे सुटलेले. सुप्रीम कोर्टानं विचारलं, मग याचा इरादा नेमका कुणाबरोबर समान होता? सुटलेल्यांबरोबर धरता येत नाही, त्या चौघांशिवाय आणखी कुणी होतं असा पुरावा नाही. सुटला.

तुमच्याकडे तिघे आहेत, तेव्हा ती केस जशीच्या तशी बसणार नाही. पण प्रश्न विचारायची पद्धत तिच्यातून घ्या.

प्रश्न : पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये डोक्याला एकच मोठी जखम आणि बाकी सगळ्या मुक्या मारच्या, हातापायावर. तरीपण चौघांना ३०२. वकील म्हणतात ३०४ पार्ट टू करून घेऊ. ते काय असतं आणि होतं का खरंच?

उत्तर : होतं, आणि मला विचाराल तर अशा अपिलांमध्ये पूर्ण सुटण्यापेक्षा हेच जास्त वेळा होताना मी बघितलंय. खून आणि सदोष मनुष्यवध हे दोन वेगळे गुन्हे आहेत. अचानक भांडण, आधी काही ठरवलेलं नाही, रागाच्या भरात झालं, आणि आरोपींनी गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूरपणे वागले नाहीत, तर खुनाची व्याख्या देणाऱ्या कलम ३०० च्या चौथ्या अपवादानं खुनाचा गुन्हा खाली येतो. त्यातही मारायचाच इरादा असेल तर ३०४ चा पहिला भाग, जन्मठेपेपर्यंत जाता येतं. इरादा नाही पण जीव जाऊ शकतो एवढं माहीत होतं, तर दुसरा भाग, जास्तीत जास्त १० वर्षं. बरेचजण तेवढी आधीच भोगून झालेले असतात, मग ‘भोगली तेवढी शिक्षा’ होऊन घरी येतात.

‘एकच जखम म्हणून खून नाही’ असा मात्र नियम नाही, हे वाटसपवर फिरणारं ज्ञान आहे. विरसा सिंग केसमध्ये, १९५८, भाल्याचा एकच वार होता आणि तरी खून धरला, कारण ती जखम मुद्दाम केली होती आणि साधारणपणे मरण यायला ती पुरेशी होती. त्यामुळे डॉक्टरांची उलटतपासणी काढा. जखम हत्याराच्या धारेनं की बोथट बाजूनं, कवटी कुठे फुटली, उपचाराला किती उशीर झाला, हे सगळं त्यात असतं. आणि मुख्य म्हणजे डोक्यावरचा वार चौघांपैकी कुणाचा हे साक्षीदारांनी सांगितलंय का? एकाचंच नाव आलं असेल तर बाकी तिघांसाठी वेगळा युक्तिवाद करा, तिघे पाय मोडायला गेले होते आणि एकानं डोक्यात घातला, ही गोष्ट पुराव्यातून उभी राहत असेल तर त्यांचं ३२५ किंवा ३२६ पर्यंत, म्हणजे गंभीर दुखापतीपर्यंत, खाली येऊ शकतं. चौघांसाठी एकच वकील असला की हे बोललंच जात नाही, कारण एकाला वाचवायचं म्हणजे दुसऱ्याकडे बोट करावं लागतं. भावकीतल्या केसमध्ये हे फार होतं, पैसे वाचतात म्हणून सगळ्यांचं एकच वकीलपत्र, आणि मग ज्याचा वाटा सगळ्यात कमी तोच मोठ्या आरोपींच्या ओझ्याखाली दबून जातो. मी स्वतः दोनदा असं वकीलपत्र परत केलंय.

प्रश्न : माझ्या वडिलांना सहाजणांनी चौकात मारलं. मी तेव्हा बारावीला होते. दोन साक्षीदार फितूर झाले आणि गेल्या महिन्यात सगळे निर्दोष सुटले. सरकारी वकील म्हणतात, वरून परवानगी आली तर अपील करू. आम्ही नुसतं बसून राहायचं का?

उत्तर : नाही ताई, बसून राहू नका. सरकारनं अपील करायचं की नाही ते सरकार ठरवेल, तुमचा हक्क त्यांच्यावर अवलंबून नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात तरतूद आहे की पीडित व्यक्ती निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करू शकते, आणि पीडित या शब्दात वारसदार पण येतात, म्हणजे तुम्ही. सरकारला अपिलासाठी हायकोर्टाची आधी परवानगी लागते, तुम्हाला तीही लागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालात स्पष्ट केलंय. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं. आणि नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा करता येतो, आरोपी सुटले तरी, त्याबद्दलही तिथेच विचारा. दिवस जाऊ देऊ नका मात्र, उशीर झाला की आधी उशीर का झाला यावरच वाद घालत बसावं लागतं.

आता कडू भाग. सुटकेविरुद्धचं अपील जिंकणं अवघड असतं. हायकोर्टाला सगळा पुरावा परत तपासायचा पूर्ण अधिकार आहे, पण २००७ च्या चंद्रप्पा निकालापासून सगळेजण एकच ओळ धरून चालतात, पुराव्यावरून दोन मतं शक्य असतील आणि खालच्या कोर्टानं आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल तर ते बदलायचं नाही. म्हणून ‘निकाल चुकला’ एवढं पुरत नाही, ‘असं मत कुणाला येऊच शकलं नसतं’ इथपर्यंत न्यावं लागतं. फितूर साक्षीदारांचा सगळाच जबाब फेकून द्यायचा नसतो, जेवढा भाग बाकी पुराव्याशी जुळतो तेवढा वापरता येतो. तुमच्या निकालात न्यायाधीशांनी तो वापरायचा प्रयत्न तरी केलाय का ते बघा. सहापैकी सगळ्यांविरुद्ध अपील करायचंय की ज्या दोघा-तिघांविरुद्ध पुरावा भक्कम आहे त्यांच्याविरुद्ध, हेही वकिलांशी बसून ठरवा. मला विचाराल तर दुसरं. सरसकट सगळ्यांची नावं आली की कोर्टाला संशय येतो की घरच्यांनी अख्खं घरच गोवलंय, आणि खऱ्या मारेकऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

एक मर्यादा पण सांगते, शिक्षा कमी वाटते म्हणून वाढवून मागायचं अपील पीडिताला करता येत नाही, ते सरकारच करू शकतं.

प्रश्न : मिस्टर जेलमध्ये आहेत, अपील दाखल होऊन चौथं वर्ष. दर वेळी सांगतात बोर्डावर आलं नाही. दोन मुलं आहेत. जामीन मिळतो का शिक्षा झाल्यावर?

उत्तर : मिळतो, त्याला शिक्षेला स्थगिती आणि जामीन म्हणतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३८९, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४३०. जन्मठेपेच्या केसमध्ये सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून एका तारखेत होत नाही. कोर्ट ढोबळमानानं बघतं की अपिलात दम दिसतोय का, या माणसाचा वाटा काय, खटला चालू असताना जामिनावर होता तेव्हा नीट वागला का. आणि उशीर हासुद्धा मुद्दा आहे, १९७७ च्या कश्मिरा सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की माणसाला पाच-सहा वर्षं आत ठेवायचं आणि मग सांगायचं की तू गुन्हा केलाच नव्हतास, याला न्याय कसं म्हणायचं. आधी एकदा अर्ज फेटाळला असेल तरी परत करता येतो, परिस्थिती बदलली हे दाखवायचं, चार वर्षं अपील न चालणं ही बदललेली परिस्थितीच आहे. त्यांच्यावर नेमका आरोप काय होता ते तुम्ही लिहिलं नाहीत. मारहाणीत हत्यार हातात असणारा आणि ‘मारा’ असं ओरडणारा यांना एकाच मापानं जामीन मिळत नाही, आणि नुसत्या ओरडण्याच्या आरोपाकडे कोर्ट जरा संशयानंच बघतं, कारण तो आरोप करायला सगळ्यात सोपा.

आता छोटी छोटी.

‘दोन्ही घरांची तडजोड झाली, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, आता हायकोर्ट केस मिटवेल ना?’ नाही. खून तडजोडीनं मिटणारा गुन्हा नाही. तो कागद जपून ठेवा, शिक्षेच्या किंवा जामिनाच्या वेळी झाला तर थोडाफार उपयोग होईल, त्यासाठी कुणाला पैसे मोजले असतील तर ते गेले समजा.

‘अपील केलं आणि शिक्षा वाढली तर?’ आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारचं वेगळं अपील लागतं किंवा हायकोर्टानं स्वतःहून नोटीस काढावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. या भीतीनं मुदत घालवलेली दोन कुटुंबं मला माहितीयेत.

‘जातीवरून जमावानं मारलं तर नवीन कायद्यात वेगळं कलम आहे असं ऐकलं.’ आहे, भारतीय न्याय संहितेचं १०३(२). पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, लिंग, जन्मठिकाण, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर जमावातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. पण १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला मागे जाऊन लावता येत नाही. आणि ‘कारण तेच होतं’ हे सिद्ध करावं लागतं, तिथेच घोडं अडणार.

प्रश्न : आमच्या पाचजणांना सारखीच शिक्षा झाली. दोघांकडे सुप्रीम कोर्टात जायला पैसे आहेत, आम्हा तिघांच्या घरी नाहीत. ते दोघे सुटले तर आमच्या माणसांना आपोआप फायदा मिळतो का?

उत्तर : आपोआप नाही, पण सुप्रीम कोर्टानं अपील न केलेल्या आरोपींनाही फायदा दिल्याची उदाहरणं आहेत, पुरावा तोच आणि वाटा तोच असेल तर. त्याच्या भरवशावर मात्र बसू नका. जेलमधूनच अधीक्षकांमार्फत अर्ज जातो, त्याला जेल पिटिशन म्हणतात, वकील विधी सेवा समिती देते, खर्च शून्य. जे कोर्टात आलेच नाहीत त्यांच्या वतीनं कुणी बोलत नाही.

हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, १९८२, ही केस मी प्रत्येक अशा कुटुंबाला सांगते. एकाच घरातल्या चौघांच्या खुनात तिघांना फाशी झाली, तिघांचा वाटा सारखाच धरलेला. तिघे सुप्रीम कोर्टात गेले पण वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायमूर्तींसमोर. पहिल्याची याचिका फेटाळली गेली. दुसऱ्याची फाशी बदलून जन्मठेप झाली. तिसरा हरबन्स सिंग, त्याची याचिका फेटाळली, रिव्ह्यू म्हणजे फेरविचाराचा अर्ज फेटाळला, दयेचा अर्ज पण गेला, आणि या सगळ्या प्रवासात दुसऱ्या आरोपीची फाशी रद्द झालीये ही गोष्ट योग्य वेळी कुणी समोर ठेवलीच नाही. ६ ऑक्टोबर १९८१ ही फाशीची तारीख ठरली. हरबन्स सिंगनं शेवटच्या क्षणी परत अर्ज केला म्हणून त्याची थांबली, आणि कोर्टानं पुढे राष्ट्रपतींकडे त्याची शिक्षा कमी करायची शिफारस केली. पहिल्या आरोपीनं तसा अर्ज केला नव्हता. त्याला त्या तारखेला फाशी दिली गेली होती.

तुमच्या तिघांचे जेल पिटिशनचे कागद याच आठवड्यात भरा, आणि त्यात पहिल्याच पानावर लिहा की बाकी दोघांचं अपील अमुक नंबरनं दाखल आहे, सगळी एकत्र ऐकावीत.